छातीतलं दुखणं, हृदय आणि अन्ननलिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरच्या एका रुग्णालयात अन्ननलिकेच्या दाबाची तपासणी करते. तिला मॅनोमेट्री म्हणतात. तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर, मंडळाच्या कार्यक्रमात, लग्नाच्या पंगतीत आणि रात्री-अपरात्री फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून ते इथे एका जागी लिहून काढले आहेत. मी डॉक्टर नाही. औषध कोणतं, किती आणि कधी, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण या नळीचं काम बिघडतं कसं आणि माणसं त्यापायी किती वर्षं हकनाक सोसतात, हे मी रोज जवळून बघते.

१. छातीत दुखतंय. गॅस आहे की हार्टचं, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

ओळखता येत नाही. माझ्या छातीत दुखलं तर मलाही येणार नाही. अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागून जाते, हृदयाचा डावा वरचा कप्पा तिला टेकूनच असतो. दोघांच्या वेदना मज्जारज्जूच्या जवळपास त्याच टप्प्यांवर पोचतात आणि तिथून मेंदूला एकच निरोप जातो: छातीत दुखतंय. कुठल्या घरातून हाक आली, ते मेंदूला नीट कळत नाही.

म्हणून छातीच्या मधोमध दाबल्यासारखं, आवळल्यासारखं दुखत असेल, घाम फुटला असेल, दम लागत असेल, कळ जबड्यात, खांद्यात, हातात किंवा पाठीत जात असेल, जिना चढताना दुखून थांबल्यावर कमी होत असेल, तर १०८ ला फोन करा. स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका. रुग्णालयात पोचल्यावर पहिल्या १० मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून उठून घरी यायचं नाही. हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणारी ट्रोपोनिनची रक्ततपासणी काही तासांनी पुन्हा करावी लागते, कारण सुरुवातीला ती नॉर्मल येऊ शकते. मधुमेही, वयस्कर माणसं आणि बायका यांच्यात तर छाती न दुखता नुसता दम, मळमळ किंवा गळून गेल्यासारखं वाटणं एवढंच असू शकतं.

आपल्याकडे ‘गॅस चढलाय’ हा शब्द फार पटकन तोंडात येतो. ओळखीच्या एका काकांना रात्री अडीचला घाम फुटला होता आणि घरात ओवा शोधणं चाललं होतं. ईनो दिलं, ढेकर आली, बरं वाटलं, झोपले. सकाळी नेलं तेव्हा हार्ट अटॅक निघाला. काका वाचले, पण आता दोन जिने चढवत नाहीत. ढेकर येऊन बरं वाटणं हा पुरावा नाही.

२. जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवल्यावर दुखणं थांबलं. म्हणजे हार्टचंच होतं ना?

तसं म्हणता येत नाही. हृदयाच्या दुखण्यावर देतात ती ही नायट्रेट जातीची गोळी गुळगुळीत स्नायू सैल करते. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत तो स्नायू असतो, तसाच अन्ननलिकेच्या खालच्या भागातही असतो. म्हणून अन्ननलिकेचा पेटकाही तिने थांबू शकतो. उलट बाजूही लक्षात घ्या: गोळीने फरक पडला नाही, म्हणून हृदय सुटलं असंही होत नाही. शेजाऱ्यांच्या डब्यातली गोळी घेऊन ‘बघू’ म्हणू नका. रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो, आणि पुरुषांनी सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्राच्या जातीची) गोळी घेतली असेल तर जिवावर बेतू शकतं.

३. ईसीजी, ईको, अँजिओग्राफी, सगळं नॉर्मल. मग दुखतं तरी कुठे?

आधी एक खात्री करून घ्या. ‘हृदयाचं नाही’ हे वाक्य हृदयाच्या डॉक्टरांनी सगळे कागद बघून म्हटलं आहे ना? मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या असूनही हृदयाच्या बारीक वाहिन्यांचा त्रास असू शकतो. ती शक्यताही त्यांनीच मिटवायची असते.

ती मिटली की पहिला संशय अन्ननलिकेवर. त्यातलं सगळ्यांत नेहमीचं कारण म्हणजे पोटातलं ॲसिड वर येणं, आणि छातीत जळजळ न होता नुसतं दुखणं हे त्याचं एक रूप आहे. त्याच्याखालोखाल अन्ननलिकेची संवेदना अतितीव्र होणं (प्रश्न १४) आणि तिच्या हालचालीचे बिघाड (प्रश्न ५). शिवाय बरगड्यांचे सांधे सुजतात, तिथे बोटाने दाबलं की नेमकं दुखतं. घबराटीचे झटकेही असेच येतात. एका माणसात यांतली दोन कारणं एकत्र असणं नेहमीचंच आहे.

‘नॉर्मल आहे, काही झालेलं नाही’ असं सांगून पाठवलेली माणसं माझ्याकडे येतात तेव्हा खचलेली असतात. घरचे म्हणतात, एवढा खर्च केला, काही निघालं नाही, आता मनातून काढून टाका. हृदय नीट आहे ही आनंदाची गोष्ट, पण दुखतंय हेही तितकंच खरं.

४. अन्ननलिका म्हणजे साधी नळी. तिला आजार कसला होणार?

साधी नळी असती तर पाणी उताराने गेलं असतं आणि आडवं पडून कुणाला गिळता आलं नसतं. ही सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची, जिवंत स्नायूंची नळी आहे. वरच्या तोंडाला एक झडप, खाली जठराच्या तोंडाशी दुसरी. घास गिळला की वरून एक लाट निघते आणि सेकंदाला साधारण ३-४ सेंटिमीटर या वेगाने घासाला ढकलत खाली नेते. लाट पोचायच्या कितीतरी आधी, गिळल्या क्षणीच, खालची झडप सैल होऊ लागते. दाराशी पाहुणे येण्याआधी कडी काढून ठेवावी तसं. वरच्या भागातला स्नायू हातापायांच्या स्नायूच्या जातीचा, खालचा पोटाच्या जातीचा. एकदा गिळलं की पुढचं काही आपल्या हातात नसतं. हे सगळं जमवून आणणाऱ्या बारीक मज्जापेशी नळीच्या भिंतीतच असतात. बिघाड बहुतेक वेळा तिथे होतो.

५. ‘मोटिलिटी डिसऑर्डर’ म्हणजे नेमकं काय काय येतं त्यात?

ढोबळपणे चार तऱ्हा.

पहिली, झडप न उघडणं: ॲकॅलेशिया. खालची झडप सैल होत नाही आणि वरून लाटही नीट येत नाही. दरवर्षी लाखात एक-दोघांना होतो, म्हणजे दुर्मीळ. पण इंदूरएवढ्या शहरात दर वर्षी काही नवी माणसं असणारच. याचे तीन प्रकार आहेत: पहिल्यात नळी निपचित पडलेली, दुसऱ्यात सबंध नळीत एकदम दाब भरतो, तिसऱ्यात पेटके येतात. प्रकार कळणं महत्त्वाचं, कारण इलाज त्यावर ठरतो (प्रश्न १२).

दुसरी, अवेळी आकुंचन: अन्ननलिकेचा स्पाझम, आपण पेटका म्हणू. लाट पोचायला लागतो त्याहून कमी वेळात, साडेचार सेकंदांच्याही आत, खालचा भाग आवळला जातो. तिसरी, लाट वेळेवर येते पण जोर भलताच. याला जॅकहॅमर म्हणतात, रस्ता फोडायच्या मशीनवरून. चौथी, जोरच नसणं: लाट अर्ध्यात विरते किंवा येतच नाही. कातडी घट्ट होणाऱ्या स्क्लेरोडर्मा या आजारात हे बऱ्याचदा दिसतं.

या सगळ्याची जगभर एकच वर्गवारी वापरतात, शिकागो क्लासिफिकेशन. तिची चौथी आवृत्ती २०२१ मध्ये आली. तुमच्या रिपोर्टवर ते नाव दिसलं तर दचकू नका, तो आजार नाही.

६. घन पदार्थ अडकतात, पण पाणीसुद्धा अडकतं. असं कसं?

हाच प्रश्न डॉक्टरांसमोर जसाच्या तसा मांडा, कारण यात अर्धं निदान आहे. आधी पोळी अडकायला लागली, मग भात, मग पातळ, असं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत वाढत गेलं, तर नळी आतून अरुंद होत असण्याचा संशय येतो. गाठही असू शकते, म्हणून तिथे एंडोस्कोपीला एक आठवडाही उशीर करू नये. घन आणि पातळ दोन्ही सुरुवातीपासून अडकत असतील, कधी जास्त कधी कमी, तर हालचालीचा बिघाड असण्याची शक्यता जास्त.

ॲकॅलेशियाची माणसं हळूहळू जेवणाची पद्धत बदलतात आणि ते त्यांच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही. एक गृहस्थ आले होते, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांना विचारलं तर म्हणाले, तसं काही विशेष नाही. बाजूला बसलेल्या काकू म्हणाल्या, ‘अहो, विशेष नाही काय? दोन वर्षांपासून प्रत्येक घासामागे घोटभर पाणी, मग उठून छाती ताणून उभं राहायचं, हात वर करायचे. बाफले, ते कणकेचे उकडून भाजलेले गोळे, तर सोडूनच दिले. लग्नात शेवटच्या पंगतीला बसतात, कुणी बघू नये म्हणून.’ रात्री उशीवर न पचलेले पोह्यांचे दाणे सापडायचे, तेही काकूंनीच सांगितलं. वजन ११ किलो उतरलं होतं.

७. चार वर्षं ॲसिडिटीची पॅन फॉर्टी चालू आहे. फरक नाही. आणखी किती दिवस घेऊ?

हा प्रश्न आला की मला माझी आत्या आठवते.

आधी गोळीबद्दल. ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. जेवण झाल्यावर किंवा झोपताना घेतली तर तिचा बराच फायदा जातो. नीट घेऊन, साधारण दोन महिने, डॉक्टरांनी सांगितलं असेल तर दोन वेळा, तरी फरक नसेल, तर गोळी बदलत बसण्यापेक्षा तपासणीकडे वळायला हवं. हृदयाचं नसलेल्या छातीच्या दुखण्यात आधी या गोळ्यांचा प्रयोग करतात, ते बरोबरच आहे. चूक होते ती प्रयोगाला शेवट नसण्यात.

आणि एक फसवी गोष्ट. ॲकॅलेशियातही छातीत जळजळ होते, घशाशी आंबट येतं. ते पोटातलं ॲसिड नसतं, नळीत अडकलेलं अन्नच आंबलेलं असतं. आत्याला चार वर्षं ॲसिडिटीची औषधं चालली. बाहेर आलेलं अन्न कडू नव्हतं, नुसतं जेवलं तसं होतं, हे कुणी तिला विचारलंच नाही आणि मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. तिच्याकडची गोळ्यांची रिकामी पाकिटं मी अजून ठेवली आहेत. या कामात मी आले त्याचं ते एक कारण.

८. एंडोस्कोपी झाली, रिपोर्ट नॉर्मल. आता शंका कशाला?

दुर्बीण नळीची भिंत दाखवते: सूज, जखम, गाठ, अरुंदपणा. नळी चालते कशी ते दाखवत नाही. घड्याळाच्या फोटोवरून ते चालू आहे की बंद, हे सांगता येत नाही. सुरुवातीच्या ॲकॅलेशियात एंडोस्कोपी बऱ्याचदा नॉर्मल दिसते. फार तर डॉक्टरांना खालच्या तोंडाशी दुर्बीण जरा जोर लावून घालावी लागते.

तरीही एंडोस्कोपी आधीच व्हायला हवी, मॅनोमेट्री नंतर. घास अडकत असेल तर एंडोस्कोपीत भिंत चांगली दिसली तरी तिचे बारीक तुकडे (बायोप्सी) तपासायला घेतले होते का, तेही विचारा. इओसिनोफिलिक इसोफॅगायटिस नावाची ॲलर्जीसारखी सूज कधी कधी फक्त तुकड्यांतच सापडते. दमा, ॲलर्जी असणाऱ्या तरुण मुलांचा घास अडकतो तेव्हा हे आधी आठवावं.

९. मॅनोमेट्री दुखते का? काय काय करतात?

दुखत नाही, पण पहिली दोन मिनिटं नकोशी असतात. ते मी कुणापासून लपवत नाही.

सहा तास उपाशी यायचं. नाकात बधिर करणारी जेली लावतो. मग सुमारे ४ मिलिमीटर जाडीची मऊ नळी नाकातून घशापर्यंत घालतो. तिथे थांबते मी. हातात पाण्याचा पेला देते आणि म्हणते, हनुवटी खाली, घोट घ्या, गिळा, गिळा. तुमच्या गिळण्याबरोबरच नळी खाली सरकते. डोळ्यांत पाणी येतं, उमासा येतो, काही जण माझं मनगट घट्ट धरतात. धरू द्यावं. नळी जागेवर बसली की उमासे थांबतात, नाकाने श्वास चालू असतो, बोलताही येतं. भूल देत नाही, कारण भूल दिली तर गिळणार कोण?

नळीवर ३६ ठिकाणी दाब मोजणारे सेन्सर असतात. तुम्हाला आडवं झोपवून सिरिंजने ५ मिली पाणी तोंडात घालायचं आणि एकदाच गिळायला सांगायचं. मग अर्धा मिनिट लाळही गिळायची नाही. सगळ्यांत अवघड तेच वाटतं लोकांना. असे दहा घोट. मग भराभर पाच छोटे घोट, मग बसवून आणखी काही, शेवटी पेलाभर, २०० मिली, एका दमात. सगळं मिळून अर्धा तास.

स्क्रीनवर दाब रंगांत दिसतो: कमी दाब निळा, जास्त तो हिरवा-पिवळा, फार जास्त तो लाल. नॉर्मल लाट तिरपी उतरते. पेटक्यात खाली एकदम उभा लाल पट्टा उमटतो. एका मुलीला, कॉलेजात होती, मी स्क्रीन वळवून तिचाच पट्टा दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘हे आईला दाखवू शकता का?’ तिला दोन वर्षं घरात नाटकी म्हणत होते.

तपासणीआधी काही औषधं थांबवावी लागतात: नायट्रेट, काही बीपीच्या गोळ्या, तीव्र वेदनाशामकं. ती स्वतःच्या मनाने बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारून करा.

१०. बेरियमचा एक्सरे जुनी पद्धत ना? ती का सांगतात अजून?

कारण ती साधी आहे, बहुतेक ठिकाणी होते आणि खूप सांगते. पांढरं बेरियम पिऊन उभ्याने १, २ आणि ५ मिनिटांनी फोटो काढतात. पाच मिनिटांनीही नळीत उभा खांब दिसला, खालचं टोक पक्ष्याच्या चोचीसारखं निमुळतं झालं, तर निदान जवळपास समोरच असतं. इलाजानंतर खरंच सुटका झाली का, तेही यावरून कळतं. मॅनोमेट्री काठावरची आली तर हीच तपासणी निकाल देते.

११. नाकात २४ तास नळी ठेवायला सांगितली आहे. ती वेगळी का?

हो, वेगळी आहे. ती ॲसिड किती वेळा वर येतं आणि तुमचं दुखणं त्याच वेळी होतं का, हे मोजते. खूप बारीक असते, घरी जाता येतं. त्या दिवशी पथ्य पाळू नका. रोजचं खा, शेवही खा, नाहीतर रोजचा त्रास पकडला जाणार नाही. दुखलं की बटण दाबायला आणि वहीत वेळ लिहायला विसरू नका.

१२. ॲकॅलेशियावर इलाज आहे का, की जन्मभर असंच?

इलाज आहे, आणि चांगला आहे. मेलेल्या मज्जापेशी परत येत नाहीत, म्हणून लाट सहसा पूर्ववत होत नाही. पण दार उघडता येतं. १६७४ साली थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टराने देवमाशाच्या हाडाच्या काठीला स्पंज लावून एका रुग्णाचं अन्न खाली ढकलायची सोय केली होती. आजचे इलाज त्याच विचाराचे पुढचे टप्पे आहेत.

एक, फुगा. एंडोस्कोपीतून ३० मिलिमीटरचा फुगा झडपेत फुगवून तिचे तंतू ताणून तोडतात, गरज पडली तर पुढे ३५ आणि ४० चा. क्वचित नळीला भोक पडू शकतं, म्हणून नंतर काही तास लक्ष ठेवतात. काही वर्षांनी पुन्हा करावा लागू शकतो.

दोन, हेलरचं ऑपरेशन. अर्न्स्ट हेलर या जर्मन सर्जनने १९१३ मध्ये पहिल्यांदा केलं. आता दुर्बिणीतून, पोटावर बारीक छेद घेऊन करतात, आणि ॲसिड वर येऊ नये म्हणून जठराचा भाग वळवून शिवतात.

तीन, पोएम. जपानच्या हारुहिरो इनोऊए यांनी २००८ मध्ये पहिला पोएम केला. तोंडातूनच एंडोस्कोप घालून भिंतीच्या आत बोगदा करत जातात आणि स्नायू आतून कापतात. बाहेर एकही टाका नसतो. पेटक्यांच्या तिसऱ्या प्रकारात लांब काप घेता येतो, म्हणून तिथे हाच सहसा आधी सुचवतात. तोटा असा की नंतर ॲसिडचा त्रास हेलरपेक्षा जास्त जणांना होतो आणि गोळ्या लागतात. हे आधी सांगितलेलं नसेल तर माणसाला वाटतं, ऑपरेशन फसलं.

बोटॉक्सचं इंजेक्शन सहा महिने ते वर्षभर चालतं. ते मुख्यतः ज्यांना ऑपरेशन झेपणार नाही अशा वयस्करांसाठी. ॲकॅलेशियाच्या दुसऱ्या प्रकाराची (सबंध नळीत दाब भरणाऱ्या) माणसं कोणत्याही इलाजाने सर्वांत छान सुधारतात.

आत्याने फुग्यानंतर तिसऱ्या दिवशी वरण-भात खाल्ला, मध्ये पाणी न पिता. ताट पुढे करून म्हणाली, ‘आणखी वाढ गं.’

बरं वाटलं तरी फॉलो-अप सोडू नका. जुन्या ॲकॅलेशियात अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा वाढलेला असतो.

१३. पेटका किंवा जॅकहॅमर निघाला. त्याचंही ऑपरेशन करायचं का?

घाई नको. आधी बघायचं की मागे ॲसिड आहे का, कारण ते आवरलं की कधी कधी पेटकेही शमतात. दुसरं, तुम्ही पाठीसाठी किंवा गुडघ्यासाठी ट्रामाडॉलसारखी अफूच्या जातीची वेदनाशामकं रोज घेता का? त्यांनी अन्ननलिकेचं असंच चित्र तयार होतं, आणि बंद केल्यावर सुधारू शकतं. हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

पुढे डिल्टियाझेमसारखी स्नायू सैल करणारी औषधं, जेवणाआधी पुदिन्याचा अर्क (ॲसिडचा त्रास असेल तर तो वाढू शकतो), आणि वेदना कमी करणाऱ्या छोट्या डोसाच्या गोळ्या, ज्यांबद्दल पुढच्या प्रश्नात आहे. बऱ्याच जणांचा त्रास वेळेने आपोआप उतरतो. पोएम आहे, पण शेवटी.

१४. छातीत दुखतं म्हणून गेलो आणि डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी लिहून दिली. मी वेडा आहे का?

नाही. ही चिठ्ठी खिशात तशीच ठेवून गोळी न घेणारे खूप भेटतात, विशेषतः मेडिकलवाल्याने ‘ही टेन्शनची आहे’ म्हटल्यावर.

काही माणसांच्या अन्ननलिकेत छोटा फुगा थोडासाच फुगवला तरी त्यांना दुखतं. इतरांना त्याच फुगवण्याचं काही कळतही नाही. नळी चांगली, ॲसिड ठीक, पण तिथल्या मज्जातंतूंची आणि मेंदूची राखण अतिसावध झालेली. साधी लाट, साधा घोटही दुखणं म्हणून पोचतो. ॲमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन यांसारखी औषधं अगदी कमी डोसात ही राखण सैल करतात. उदासीसाठी देतात त्याच्या कितीतरी कमी डोस असतो. झोप येते म्हणून रात्री देतात, तोंड कोरडं पडतं, आणि गुण यायला काही आठवडे लागतात. पाचव्या दिवशी ‘उपयोग नाही’ म्हणून सोडू नका. हृदयाचे ठोके अनियमित असतील, काचबिंदू किंवा लघवी अडकण्याचा त्रास असेल तर आधी सांगा.

पोटाने सावकाश श्वास घेण्याचा सराव आणि समुपदेशन यांचाही उपयोग होतो. भीती आणि दुखणं एकमेकांना वाढवतात: रात्री दुखलं, हार्टची धास्ती बसली, त्याने आणखी दुखलं. हे चक्र तोडणं म्हणजे दुखणं खोटं ठरवणं नव्हे.

१५. खाण्यापिण्याचं काय? इंदुरात राहून सराफा बाजारातलं रात्रीचं खाणं सोडायचं?

कोणता त्रास आहे त्यावर आहे, म्हणून सरसकट यादी देत नाही.

ॲसिड वर येत असेल तर मुख्य शत्रू वेळ आहे. रात्री अकराला सराफ्यात गराडू, भुट्ट्याचा कीस, वर शिकंजी आणि साडेबाराला आडवं, याने कुणाचंही बिघडेल. जेवण आणि झोप यांत तीन तास हवेत. सराफ्यात जायचं तर थोडं खा आणि मग राजवाड्याला दोन फेऱ्या मारून या. पलंगाची डोक्याकडची बाजू खाली विटा घालून ६ ते ८ इंच उचला. नुसत्या दोन उशांनी मान वाकते, उपयोग होत नाही. डाव्या कुशीवर झोपा. पोट सुटलं असेल तर थोडं वजन उतरणंही औषधाइतकं काम करतं.

पेटका येत असेल तर बर्फाचं पाणी, सोडा आणि फार गरम चहा यांवर लक्ष ठेवा. अनेकांना बर्फाच्या पाण्याने लगेच सुरू होतं. कोमट पाण्याचा घोट काहींना बरा वाटतो.

घास अडकत असेल तर कोरडं टाळा: बाफला डाळीत पूर्ण भिजवून, पोह्यांवर शेव-जीरावण असो पण पोहे ओलसर, पोळी वरणात कुस्करून. छोटे घास, बसून, गप्पा न मारता. ॲकॅलेशियाचा इलाज होईपर्यंत रात्रीचं शेवटचं जेवण पातळ आणि लवकर घ्या, नाहीतर झोपेत अडकलेलं अन्न श्वासनलिकेत जाऊन खोकला, न्यूमोनिया होतो.

१६. घशात सतत गोळा वाटतो, पण जेवताना काही अडकत नाही.

जेवताना तो नाहीसा होत असेल तर ते गिळण्याचा बिघाड नसण्याचीच शक्यता जास्त. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी एकदा बघावं. वजन उतरणं, आवाज बसणं, गिळताना दुखणं असेल तर लगेच बघावं.

१७. घास पूर्ण अडकला, थुंकीही खाली जात नाही. केळं गिळू का?

काहीही गिळू नका, पाणीही नाही. आपली लाळ गिळता येत नसेल तर ही तातडीची गोष्ट आहे. लगेच रुग्णालयात जा, एंडोस्कोपीने काढतात. रात्र काढू नका.

गोळ्यांबाबतही सांगते: डॉक्सिसायक्लिन आणि हाडांसाठीची ॲलेंड्रोनेट या गोळ्या नळीत चिकटल्या तर जखम करतात आणि छातीत जबर दुखतं. पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका.

१८. मॅनोमेट्रीत ॲकॅलेशिया आला, तरी डॉक्टर सीटी स्कॅन का सांगतात?

वय साठीच्या पुढे, त्रास थोड्याच महिन्यांचा, वजन भराभर उतरलेलं, अशी तिन्ही एकत्र दिसली की जठराच्या तोंडाशी लपलेली गाठ झडपेला बाहेरून आवळत नाही ना, हे बघावं लागतं. तपासणीचं चित्र हुबेहूब ॲकॅलेशियाचं येतं, आजार मात्र वेगळा असतो. अशा वेळी स्कॅन, कधी दुर्बिणीतून सोनोग्राफी सांगतात. ‘आणखी एक तपासणी, आणखी पैसे’ असं वाटलं तरी ही टाळू नका.

१९. मला अन्ननलिकेचा त्रास आहे हे पक्कं झालंय. आज रात्री पुन्हा छातीत दुखलं तर?

नेहमीसारखंच, नेहमीच्या जागी, नेहमीइतकंच दुखलं, तर डॉक्टरांनी सांगितलेलं करा. जरा जरी वेगळं वाटलं, घाम, दम, चालताना दुखणं, हातात कळ, किंवा नेहमीपेक्षा जास्त वेळ, तर प्रश्न १ मध्ये लिहिलं आहे तेच करायचं, फाईल कितीही जाड असली तरी. अन्ननलिकेचा आजार असलेल्या माणसाला हृदयाचा होत नाही असं नाही, आणि चार वर्षांपूर्वीची स्वच्छ अँजिओग्राफी आजच्या रात्रीची हमी देत नाही.

२०. आईला ॲकॅलेशिया आहे. मुलांना होईल का?

बहुतेक वेळा आनुवंशिक नसतो. लहान मुलात गिळायचा त्रास, रडताना डोळ्यांत अश्रू न येणं असं एकत्र दिसलं तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा. एक दुर्मीळ आनुवंशिक आजार तसा असतो.

२१. तपासणीला येताना काय आणू?

जुने सगळे ईसीजी, अँजिओग्राफीची सीडी, एंडोस्कोपीचा कागद आणि तुकड्यांचा रिपोर्ट. चालू गोळ्यांची नावं पाठ असली तरी पाकिटंच आणा, आयुर्वेदिक चूर्णाची आणि गुडघ्याच्या गोळ्यांचीही. छातीत शेवटचं केव्हा दुखलं, त्याआधी काय खाल्लं, किती मिनिटं टिकलं, हे आठवडाभर वहीत लिहून आणा. आणि घरातलं एक माणूस बरोबर आणा, रोज तुमच्यासमोर ताट घेऊन बसणारं.